दोन खाचांचे नाणे

ओहोटीला सिंगापूरच्या वालुकामय किनाऱ्यांवर चपटी, गोल ‘बिस्किटे’ अर्धवट रुतलेली दिसतात. हा सँड डॉलर नावाचा प्राणी. तारामाशाप्रमाणे तोही कंटकचर्मी संघातला. तेथे नेहमी आढळणाऱ्या जातीत आरपार खाचा नसतात. एकिनोडिस्कस ट्रंकेटस ही जात मात्र क्वचितच भेटते. तिची खूण सोपी आहे : शरीराच्या मागच्या भागात कुलपाच्या भोकासारख्या दोन लांबट, आरपार खाचा.

या खाचा कशासाठी? चपट्या वस्तूवरून पाणी वेगाने वाहू लागले, की विमानाच्या पंखाप्रमाणे तिला वर उचलणारे बल निर्माण होते. छिद्रे असलेल्या दुसऱ्या एका जातीवर माल्कम टेलफर्ड यांनी प्रयोग केले. त्यांवरून त्यांनी असे मांडले, की छिद्रांतून पाणी वर निसटते आणि हे बल कमी होते. प्राणी वाळूला धरून राहतो.

सँड डॉलरच्या अंगावर मखमलीसारखी दिसणारी लव म्हणजे बारीक काटे. त्यांच्या हालचालीने तो सरकतो आणि वाळूत शिरतो. पाठीवर पाच पाकळ्यांची नक्षी असते. तेथील नलिकापाद श्वसनाचे काम करतात. तोंड खालच्या बाजूला असते.

सिंगापूरच्या पुलाऊ उबिन बेटावरील चेक जावा हा किनारा भराव टाकून बुजवला जाणार होता. लोकांनी व अभ्यासकांनी आग्रह धरल्यावर डिसेंबर २००१ मध्ये ते काम पुढे ढकलले गेले. किनारा वाचला, पण संकट दुसरीकडून आले. २००६ च्या अखेरीस आणि २००७ च्या आरंभी शेजारच्या जोहोर राज्यात अतिवृष्टी झाली. नदीचे गोडे पाणी किनाऱ्याला येऊन मिळाले आणि असंख्य प्राणी मेले.

गोडे पाणी मारक कसे ठरले? मनुके पाण्यात टाकून पाहा. ते फुगतात. कंटकचर्मींच्या शरीरातील द्रवाचा खारटपणा समुद्राइतकाच असतो आणि तो राखणारी मूत्रपिंडासारखी इंद्रिये त्यांना नसतात. बाहेरचे पाणी गोडे झाले, की ते शरीरात शिरू लागते. मासा पोहून दूर जाईल. सँड डॉलर कुठे जाणार?

सहलीत किनाऱ्यावर सँड डॉलर सापडला, तर विद्यार्थ्यांना एवढे जरूर सांगावे : पांढरे, गुळगुळीत असेल ते मेलेल्या प्राण्याचे कवच. अंगावर लव असेल, तर तो जिवंत असू शकतो. तो पाहून झाल्यावर ओल्या वाळूवर परत ठेवावा.