गवताचीं पिकें आणि नत्राचें अन्न

ज्वारी, बाजरी, गहूं, भात आणि आपल्या कृष्णाकांठचा ऊस हीं सारीं गवताच्या एकाच कुलांतील भावंडें होत. या कुलाची नत्राची भूक मोठी आहे. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींत हवेंतील नत्र बांधणारे जंतु राहतात. तशी सोय या भावंडांपाशीं नाहीं. हवेचे सुमारें चार पंचमांश नत्रच आहे असें मीं वर्गांत सांगितलें, कीं एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारी, "गुरुजी, मग ज्वारीला खत कशाला?" प्रश्न रास्त होता. मुळांना नत्र लागतो तो पाण्यांत विरघळलेल्या दोन रूपांत: अमोनियम आणि नायट्रेट.

अमोनियम मातीच्या कणांस चिकटून राहतें. नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जातें. युरियाचें जमिनींत प्रथम अमोनियम होतें आणि मोकळ्या, हवेशीर मातींत जंतु त्याचेंच पुढें नायट्रेट करतात. शेणखताचा नत्र सर्वांत सावकाश सुटतो. तेव्हां गोणींत नत्र किती, एवढेंच पाहून भागत नाहीं.

पाटण-जावळीच्या भातखाचरांत पाणी उभें असतें, आणि चिखलाच्या वरच्या पातळ थराखालीं प्राणवायु नसतो. तेथें नायट्रेट घातलें तर जंतु त्यांतील प्राणवायु वापरतात व नत्र पुन्हां हवेंत सोडून देतात. म्हणून भाताचें पीक मुख्यत्वें अमोनियमवर पोसतें. चारसूत्री पद्धतींत युरियाच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोंचतात, त्यामागील कारण हेंच. खोल चिखलांत अमोनियमचें नायट्रेट होत नाहीं आणि वरच्या पाण्याबरोबर तें वाहूनहि जात नाहीं. काम कंबर मोडणारें आहे खरें, परंतु फेंकलेल्या युरियापेक्षां कमी युरियांत भागतें.

माण, जत, आटपाडीकडे सारेंच उलट. तेथील काळी जमीन चुनखडीची आणि रब्बी ज्वारी वाढते ती साठलेल्या ओलीवर. अशा जमिनीवर युरिया नुसता विसकटला तर अमोनिया वायु होऊन उडून जातो. शिवाय वरची माती सुकल्यावर तेथील खत मुळांच्या उपयोगीं पडत नाहीं. दोन चाड्यांच्या पाभरीनें बियाण्याबरोबरच खत ओलींत पेरण्याची रीत त्यासाठींच आहे.

खताच्या रूपाचा परिणाम जमिनीवरहि होतो. इंग्लंडांत रॉथमस्टेड येथें १८५६ पासून एका गवताळ कुरणावर प्रयोग चालू आहे. कांहीं तुकड्यांस नत्र सोडियम नायट्रेटमधून, कांहींस अमोनियम खतांतून मिळाला. चुना न दिलेले अमोनियमचे तुकडे अत्यंत आंबट बनले व आंबटपणा सोसणाऱ्या मोजक्याच गवतांचें तेथें राज्य झालें. नायट्रेटच्या तुकड्यांत तसें घडलें नाहीं. महाबळेश्वर-पाटणची तांबडी माती मुळांतच आंबट. तेथें भाताला अमोनियम सल्फेट मानवतें, पण वर्षानुवर्षें तेंच घालणाऱ्यानें माती तपासून चुन्याची सोय केली पाहिजे. जतच्या चुनखडीच्या रानास ती चिंता नाहीं.

आतां उसाकडे वळूं. सुरू उसास हेक्टरीं २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरीं सुमारें १०० किलो. सारा नत्र युरियांतून द्यावयाचा तर ४५ किलोंच्या पांचएक गोण्या होतात. शेजाऱ्याचा ऊस काळाभोर दिसला कीं आपल्या बागायतदारास त्या अपुऱ्या वाटतात. युरिया स्वस्त, पाटाचें पाणी मुबलक. मग गोणीवर गोणी रिकामी होते. उशिरां मिळालेल्या जादा नत्रानें ऊस वाढतच राहतो आणि साखर कमी भरते. उरलेलें नायट्रेट पाण्याबरोबर खालीं उतरून विहिरींत जातें. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नायट्रेट नसावें अशी आपल्याकडील मर्यादा आहे. तान्ह्या मुलांस तें विशेष बाधक. मळ्यांतल्या विहिरीचें पाणीच आपल्यांतील कित्येक घरीं पितात, हें विसरूं नये.

यासाठीं उसाचा नत्र चार हप्त्यांत देतात: लागणीस १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनीं ४०, बारा ते सोळा आठवड्यांनीं १० आणि मोठ्या बांधणीस उरलेले ४०. शेवटचा हप्ता सरीच्या बगलेंत घालून मातीनें झांकावा, मग बेताचें पाणी द्यावें.