सुपिनेशन म्हणजे हात उताणा करणे

हाताचे प्लास्टर निघाले, की फिजिओथेरपीच्या कागदावर बहुधा ‘सुपिनेशन’ आणि ‘प्रोनेशन’ हे शब्द येतात. शब्द परके वाटले, तरी त्यांचा अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे.

लॅटिन भाषेत ‘सुपिनुस’ म्हणजे पाठीवर पडलेला आणि ‘प्रोनुस’ म्हणजे पुढे झुकलेला, तोंड खाली असलेला. मराठीत यालाच आपण उताणा आणि पालथा म्हणतो. ‘उताणा’ हे संस्कृत ‘उत्तान’ या शब्दाचे रूप. ‘उद्’ म्हणजे वर आणि ‘तन्’ म्हणजे ताणणे, पसरणे. ध्रुवाचा पिता उत्तानपाद याच्या नावात आणि योगातील उत्तानपादासनातही हाच शब्द आहे. ‘पालथा’ आला तो ‘पर्यस्त’, म्हणजे उलटलेला, या शब्दावरून. २०२१ मध्ये कोरोनाच्या रुग्णांना पालथे झोपण्याचा सल्ला दिला जात होता. त्या ‘प्रोनिंग’चे मूळही ‘प्रोनुस’च.

कोपर कमरेशी टेकवून काटकोनात दुमडावे व अंगठा वर ठेवावा. येथून तळहात वरच्या बाजूला वळवणे म्हणजे सुपिनेशन आणि जमिनीकडे वळवणे म्हणजे प्रोनेशन. दोन्ही दिशांना हात साधारण ८० ते ९० अंश वळतो. वळताना दिसते मनगट, पण हालचाल होते ती कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांची. करंगळीच्या बाजूचे ‘अल्ना’ जवळजवळ स्थिर राहते आणि अंगठ्याच्या बाजूचे ‘रेडियस’ त्याच्याभोवती फिरते. हात उताणा असताना ही हाडे समांतर असतात. पालथा होताच ती एकमेकांवर तिरपी येतात. म्हणूनच यांपैकी एखादे हाड वाकडे जुळले, तर कोपर नीट दुमडूनही तळहात पुरता वळत नाही.

प्रोनेशन कमी पडल्यास खांद्यातून कोपर बाहेर उचलून ती उणीव बरीच भरून काढता येते. सुपिनेशनची उणीव मात्र सहज झाकता येत नाही. तीर्थ घेणे, सुटे पैसे तळहातावर घेणे, ओंजळीने तोंड धुणे अशी साधी कामे अडतात.

त्यामुळे डॉक्टरांनी हा व्यायाम सांगितला असेल, तर तो करताना कोपर अंगापासून सुटू देऊ नये. कोपर सुटले, की खांदाच फिरतो आणि हात उताणा झाल्याचा केवळ भास होतो.