शिस्त आणि न्याय

सैन्याचा कणा शिस्त, आणि शिस्तीचा कणा वरिष्ठाची आज्ञा. परंतु आज्ञा देणाराच अत्याचार करू लागला, किंवा अत्याचाऱ्याला पाठीशी घालू लागला, तर सैनिक स्त्रीने दाद मागावी कोणाकडे? १९९१ साली लास व्हेगास येथे अमेरिकन नौदल वैमानिकांच्या मेळाव्यात ८३ स्त्रिया व ७ पुरुष यांच्यावर हात टाकण्यात आला. कोर्ट मार्शलमध्ये शिक्षा मात्र एकाही अधिकाऱ्याला झाली नाही. २०२० मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूड तळावर व्हेनेसा गियेन या वीस वर्षांच्या सैनिक तरुणीचा एका सैनिकाने खून केला. त्यापूर्वी दुसऱ्याच एका वरिष्ठाने तिचा छळ केला होता आणि ते कानांवर येऊनही अधिकारी स्वस्थ बसले, असे लष्कराच्याच चौकशीत निष्पन्न झाले.

अखेर डिसेंबर २०२१ मध्ये कायदा बदलला. २८ डिसेंबर २०२३ पासून तेथे बलात्कारासारख्या गुन्ह्यांत खटला भरावयाचा की नाही, हे पलटणीचा प्रमुख ठरवीत नाही. स्वतंत्र लष्करी अभियोक्ते ठरवितात.

आपल्याकडेही २०२२ पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुली दाखल होत आहेत. कोर्ट मार्शल बोलावण्याचा अधिकार मात्र सेनाधिकाऱ्यांच्याच हाती आहे. पलटणीची अब्रू ज्याने सांभाळावयाची, त्याच्याच हाती न्यायाचा तराजू असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यामुळे शिस्त सैल होईल, ही भीती निराधार होय. दाद मिळेल असा विश्वास असतो, तेथेच आज्ञा मनापासून पाळली जाते. अमेरिकेला हे उमगण्यास तीस वर्षे लागली. आपण तितकी वाट पाहण्याचे कारण नाही.