उपहासाची दिशा
प्रहसन हे सुधारकांचेच शस्त्र होय, हा समज एकांगी आहे. नारायण बापूजी कानिटकर यांनी १८८६ साली ‘तरुणी शिक्षण नाटिके’त सुशिक्षित स्त्रीचे हास्यास्पद चित्र रेखाटून स्त्रीस्वातंत्र्याचे विपरीत भविष्य वर्तविले. अर्धशतकानंतर तेच शस्त्र उलटले. आचार्य अत्र्यांच्या कथेवर मास्टर विनायकांनी १९३८ साली दिग्दर्शित केलेल्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात, व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करणारा औदुंबर उपहासाचा विषय होतो. त्याच्यावर अनुरक्त झालेली किशोरी नव्हे. पहिल्या उपहासाचे लक्ष्य स्त्रीचे स्वातंत्र्य होते. दुसऱ्याचे, स्त्रीस भिणारा उपदेश. म्हणून विनोद सनातनी की पुरोगामी, हे हास्यावरून ठरत नाही. ते हास्य कोणाच्या वाट्यास आले, यावरून ठरते.