भिंतीला तडा, व्हिडिओला खीळ

शॅडोबॅनबद्दल, म्हणजे न सांगता मजकूर मागे ढकलण्याबद्दल, लिहीन म्हटलं होतं, ते आता पुढच्या खेपेला. मध्येच एका वाचक ताईंचा प्रश्न आला आणि तो बाजूला सारवेना. त्या चुलीवरच्या स्वयंपाकाचे रील टाकतात. मुलगी म्हणते, मागच्या पोपडे आलेल्या भिंतीवर चादर लाव, म्हणजे व्ह्यूज येतील. ताई विचारतात, ‘ॲपला भिंत दिसते का हो?’

टिकटॉकपुरतं तरी याचं उत्तर कागदावर सापडतं. मार्च २०२० मध्ये ‘द इंटरसेप्ट’ या वृत्तसंकेतस्थळानं टिकटॉकच्या मॉडरेटरांसाठीच्या अंतर्गत सूचना उघड केल्या. ‘फॉर यू’ या शिफारशींच्या पानावर काय घ्यायचं नाही, त्याची यादीच होती: फार सुरकुत्या, सुटलेलं पोट, बेढब अंग. मग जागेची पाळी. झोपडपट्टी, शेत, पडकं घर, भिंतीचे तडे. शेताला एक सवलत होती, निसर्गदृश्य सुंदर असेल तर चालेल! म्हणजे हिरवागार डोंगर चालेल, ढेकळांचं रान नाही. नव्या वापरकर्त्यांना असलं वातावरण आकर्षक वाटत नाही, हे कारणही तिथेच लिहिलं होतं. यातल्या बऱ्याच सूचना आता वापरात नाहीत किंवा कधीच नव्हत्या, असं कंपनीनं सांगितलं. त्या वेळी टिकटॉक आपल्याकडे चालू होतं, बंदी आली २९ जून २०२० ला. शेताच्या बांधावर, गोठ्यासमोर नाचणारी आपली कितीतरी पोरं तिथे होती. ती यादी वाचताना मला तीच दिसत राहिली.

खरी मेख पुढेच आहे. व्हिडिओ काढून टाकायचा नव्हता. खातं शाबूत, व्हिडिओ शाबूत, फक्त अनोळखी प्रेक्षक जिथून येतो ते दार बंद. कुणी काही कळवत नाही. मग माणूस स्वतःलाच तपासू लागतो. आपला चेहरा, आपली बोली, आपलं घर. चादर तिथून येते.

याच्या तीनच महिने आधी जर्मनीच्या ‘नेट्सपोलिटीक’ या संकेतस्थळानं टिकटॉकचाच आणखी एक प्रकार छापला होता. अपंग, ऑटिझम असलेले, जाड अशा लोकांचा छळ होईल म्हणून त्यांचे व्हिडिओच कमी लोकांपर्यंत जाऊ द्यायचे. काही खात्यांना तर सहा ते दहा हजार व्ह्यूज झाले की शिफारस आपोआप थांबे. छळणारे मोकळे आणि ज्याचा छळ व्हायचा तोच पडद्याआड! हे धोरण चुकीचं होतं, हे कंपनीनंही मान्य केलं.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी संशोधक नादिया करिझत आणि सहकाऱ्यांनी टिकटॉक वापरणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. ॲप ओळखीनुसार माणसं चाळतं, असं त्यातल्या अनेकांना वाटत होतं. काही जण तर दाबल्या जाणाऱ्या लोकांचे व्हिडिओ मुद्दाम शेवटपर्यंत बघत, लाइक करत. मला ही युक्ती फार आवडते. ताई, चादर लावू नका. मुलीला हे करायला सांगा.

युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यानं, मजकूर न काढता नुसता मागे ढकलला तरी कारण कळवणं कंपन्यांना बंधनकारक केलंय. शॅडोबॅनची गोष्ट तिथूनच सुरू करू.