बिलिंग काउंटरवर 'मोबाईल नंबर सांगा' म्हणतात, त्या पॉइंट्समधून खरंच किती पैसे वाचतात?

महिन्याचे पहिले दोन-तीन दिवस. पगार झालेला असतो, किराण्याची यादी खिशात असते आणि सुपरमार्केटच्या काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, "मोबाईल नंबर?" आपणही दहा आकडे घडाघडा सांगून मोकळे होतो. पण वर्षभरात त्या नंबरावर किती पॉइंट्स साठले आणि त्याचे रुपये किती झाले, असं कुणी विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात.

म्हणून म्हटलं, एकदा हा हिशोब मांडूच.

समजा तुमच्या घरचा महिन्याचा किराणा ४,००० रुपयांचा आहे आणि दुकान दर १०० रुपयांमागे १ पॉइंट देतं. महिन्याला ४० पॉइंट्स, वर्षाला ४८०. आता सगळा खेळ एका पॉइंटची किंमत किती यावर आहे. एक पॉइंट म्हणजे एक रुपया असेल तर वर्षाला ४८० रुपये सुटले, म्हणजे तेलाच्या दोन-तीन पिशव्या निघाल्या. पण तोच पॉइंट २५ पैशांचा असेल तर वर्षभराची कमाई होते १२० रुपये. बोर्डावर '४८० पॉइंट्स' हा आकडा मोठा दिसतो, म्हणून तर तो रुपयांत लिहीत नाहीत. त्यात मुदत संपली की पॉइंट्स गायब. अमुक इतके जमल्याशिवाय वापरता येणार नाहीत, अशीही अट असते. त्यामुळे काउंटरवर एवढंच विचारा, "एका पॉइंटचे किती पैसे?" उत्तर मिळालं नाही तर तेही उत्तरच समजा.

मग दुकानं हा खटाटोप का करतात?

याचं उत्तर ब्रिटनमध्ये सापडतं. तिथल्या टेस्को या सुपरमार्केट साखळीनं १९९५ मध्ये 'क्लबकार्ड' आणलं. खरेदी केली की कार्डावर पॉइंट्स जमायचे आणि पुढे त्यांची व्हाउचर्स घरी यायची. पण टेस्कोला खरा फायदा वेगळाच झाला. कोण काय घेतं, कधी घेतं, कशासोबत घेतं, सगळं कळायला लागलं. कार्ड आणण्याआधी झालेल्या चाचणीचे निकाल बघून कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड मॅक्लॉरिन म्हणाले होते की, माझ्या ग्राहकांबद्दल मला ३० वर्षांत कळलं नाही ते तुम्हाला तीन महिन्यांत कळलं. त्यांना त्याची भीतीच वाटली होती म्हणे.

म्हणजे पॉइंट्स हे तुमच्या माहितीचे पैसे आहेत. सौदा वाईटच असतो असं नाही, पण सौदा आहे हे माहीत असावं. आणि तो नाकारताही येतो. बिलासाठी नंबर दिलाच पाहिजे अशी सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलंय. नंबर दिला नाही तर पॉइंट्स मिळणार नाहीत, इतकंच. बिल मात्र मिळालंच पाहिजे.

आता कुपनकडे येऊ. इथे नुकसान जास्त होतं आणि ते दिसतही नाही.

कुपनवर लिहिलेलं असतं, '२,००० च्या खरेदीवर १० टक्के सूट'. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, 'जास्तीत जास्त १०० रुपये'. तुमची यादी झाली १,६०० ची. मग आपण काय करतो? चॉकलेट, नूडल्स, एखादा प्लास्टिकचा डबा असं करत ४०० भरतो आणि १,९०० देऊन बाहेर पडतो. घरी सांगताना '१०० वाचले' म्हणून सांगतो. प्रत्यक्षात खिशातून ३०० जास्त गेलेत. आणि १० टक्के म्हणून जी सूट वाजतगाजत आली, ती २,००० वर १०० म्हणजे ५ टक्केच निघाली.

मग कुपन वापरायचंच नाही का? तसं अजिबात नाही. साबण, टूथपेस्ट, कपड्यांची पावडर, सॅनिटरी पॅड या गोष्टी घरात लागतातच आणि लवकर खराब होत नाहीत. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट किंवा दिवाळीच्या आसपास सेल लागतात, तेव्हा यांचा दोन-तीन महिन्यांचा साठा कुपन लावून घेतला तर पैसे खरेच सुटतात. याउलट एकावर एक फ्री असलेल्या बिस्किटांची आणि ज्यूसची तारीख आधी बघा. फ्री पाकीट घरात असलं की ते जास्त खाल्लंही जातं, हा भाग वेगळाच.

सूट खरी की खोटी हे ओळखायला एक साधन पाकिटावरच छापलेलं असतं, पण तिकडे फारसं कुणी बघत नाही. एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरांत ग्रॅममागे किंवा किलोमागे किंमत दिलेली असते. २०२१ मध्ये नियमात दुरुस्ती करून ही किंमत छापणं बंधनकारक केलं गेलं. गोम इतकीच की एक किलोपेक्षा लहान पाकिटावर ती ग्रॅममागे असते आणि मोठ्या पाकिटावर किलोमागे. त्यामुळे ग्रॅमच्या आकड्याला १,००० नं गुणावं लागतं.

उदाहरण घ्या. ५०० ग्रॅमचं पाकीट १२० रुपयांना, म्हणजे ग्रॅमला २४ पैसे, किलोला २४०. शेजारी दोन किलोचं पाकीट ५०० ला, त्यावर लाल अक्षरांत '२० रुपये सूट'. सूट धरून झाले ४८०, म्हणजे किलोला २४०च. सूट दिसली, वाचला एक रुपयाही नाही. शाम्पूच्या बाबतीत तर बऱ्याचदा छोट्या पुड्याच बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. आपल्या आया उगीच पुड्यांची माळ बाथरूमला टांगत नव्हत्या. (प्लास्टिकचा कचरा वाढतो, हेही खरंच.)

ॲपवर खरेदी करत असाल तर आणखी जपून. '१० मिनिटांत ऑफर संपणार' असं खोटं घड्याळ, न सांगता कार्टमध्ये घुसवलेली वस्तू, शेवटच्या पानावर अचानक उगवलेलं शुल्क, अशा १३ युक्त्यांना सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 'डार्क पॅटर्न' म्हटलंय आणि त्यांच्यावर बंदी घातलीय. असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

क्रेडिट कार्डाच्या ५ टक्के कॅशबॅकबद्दल एकच गोष्ट. पूर्ण बिल वेळेवर भरत असाल तर फायदा आहे. बाकी ठेवलीत तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, दोन महिन्यांत कॅशबॅक साफ.

आणि कुपन, पॉइंट्स, ॲप यांपैकी काहीच नसतानाही मराठी घरांनी पैसे वाचवलेत. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी, गायक-संगीतकार सुधीर फडके अशी मंडळी त्यात पुढे होती. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करायचा, सगळ्यांच्या याद्या एकत्र करायच्या, माल घाऊक भावात आणायचा आणि आपापसांत वाटून घ्यायचा, अशी ती पद्धत. आज हाउसिंग सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. उन्हाळ्यात वर्षाचे गहू, तांदूळ आणि डाळी भरायची वेळ आली की चार घरांनी मिळून मार्केट यार्डात एक फेरी मारली, तर एकेका पोत्यावर काय सुटतं ते बघा. टेम्पोचं भाडं मात्र चौघांत वाटून हिशोबात धरा.