गावच्या मातीच्या बांधाला राखणदार हवा

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. हा खडक जिथे अखंड असतो तिथे पाणी घेत नाही. वरचा मुरूम आणि खडकातल्या फटी एवढीच त्याची साठवण. पाऊस चार महिन्यांचा म्हणायचा, पण त्यातले खरे पावसाचे दिवस मोजकेच. ओढ्याला आलेला लोंढा बघता बघता नदीला मिळतो आणि होळीच्या सुमारास विहिरींचा तळ दिसू लागतो. या अडचणीवर आपल्याकडे रुजलेला उपाय म्हणजे पाझर तलाव. ओढ्यावर मातीचा बांध घालायचा, पाणी काही महिने थोपवून धरायचे आणि तळातून जमिनीत मुरू द्यायचे. या तलावाला सहसा कालवा नसतो. त्याचे पाणी खालच्या अंगाच्या विहिरींतून शेताला मिळते. 1972च्या दुष्काळात हाताला काम आणि गावाला पाणी अशा दुहेरी हेतूने ही कामे राज्यभर निघाली आणि पुढे रोजगार हमी योजनेने ती चालू ठेवली. मजुरांनी डोक्यावर पाट्या वाहून घातलेले त्या काळातले कितीतरी बांध आजही पाणी अडवतात. ते बांधताना यंत्रणा होती, निधी होता, हजेरीपट होता. आज ते सांभाळायचे काम मात्र नेमके कोणाचे, हे अनेक गावांत कोणालाच धड सांगता येत नाही. मातीच्या बांधाला सर्वांत मोठा धोका या अनिश्चिततेचा आहे, आणि तो दूर करणे आपल्या आवाक्यातले आहे.

हा धोका समजून घ्यायचा तर बांधाच्या पोटात काय असते ते पाहावे लागते. बाहेरून दिसतो तो मातीचा ढीग, पण त्याची रचना विचारपूर्वक केलेली असते. मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा असतो आणि त्याचे काम पाणी रोखण्याचे. हीच काळी माती उन्हाळ्यात तडकते, म्हणून दोन्ही अंगांनी तिच्यावर मुरमाचे जाड कवच चढवतात. गाभ्याच्या खाली, घट्ट थर लागेपर्यंत चर खणून त्यात तीच माती थराथराने ठोकून भरतात, म्हणजे पाणी बांधाखालून वाट काढत नाही. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मार सोसायला दगडांचे अस्तर असते. खालच्या टाचेशी वाळू, खडी आणि दगडांचा निचरा असतो. आत झिरपलेले पाणी मातीचे कण मागे ठेवून तिथून बाहेर पडते. वरचा उतार एकास तीन, खालचा एकास दोन आणि माथा 2.5 मीटर रुंद धरला, तर अवघ्या 9 मीटर उंचीच्या बांधाची तळाशी रुंदी 47.5 मीटर भरते. एवढी रुंदी लागते, कारण मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपणारच असते. ते लांबच्या वाटेने आणि सावकाश जावे, एवढेच अभियंत्याच्या हाती असते. तलावाच्या तळातून मुरणाऱ्या पाण्यासाठी तर हा सारा खटाटोप. पण तेच पाणी बांधाच्या अंगातून वेगाने वाहू लागले, तर बांधाचा घात होतो.

मातीचे बांध प्रामुख्याने दोन तऱ्हांनी फुटतात. पहिली तऱ्हा म्हणजे पाणी माथ्यावरून वाहणे. दगडी धरण हे काही काळ सोसते, माती सोसत नाही. म्हणून पुराचे जादा पाणी बाजूने काढून देणारा सांडवा हा बांधाचा प्राण असतो. त्यात झुडपे माजली, मासे अडवायला लावलेल्या जाळ्यांत पालापाचोळा अडकला, किंवा थोडे जास्त पाणी साठावे म्हणून कोणी वाळूच्या गोण्या रचून सांड उंचावली, की बांधाच्या माथ्याचे संरक्षण संपते. दुसरी तऱ्हा आतल्या आत घडते. कुजलेल्या मुळाच्या, बिळाच्या किंवा नीट न दबलेल्या थराच्या वाटेने पाणी धावू लागते, जाताना मातीचा कणकण नेते आणि तिथे नळीसारखे भोक पडते. भोक रुंदावले की पाणी वाढते आणि पाणी वाढले की भोक रुंदावते. शेवट काही तासांत होऊ शकतो, पण सुरुवात बहुधा आधीच कुठेतरी दिसलेली असते. टाचेशी नवी ओल येते, माथा एखाद्या जागी खचतो, बांधाला आडवी भेग जाते. सर्वांत बोलकी खूण झिरप्याच्या रंगाची: पाणी नितळ आणि नेहमीइतकेच असेल तर निचरा काम करतो आहे, ते गढूळ झाले तर बांधाची माती निघून चालली आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019च्या रात्री फुटले. खालची भेंदवाडी झोडपली गेली आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. हे मातीचे धरण बांधून सुमारे दोन दशकेच झाली होती. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. दुर्घटनेनंतर त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांच्या बिळांवर ठेवला आणि राज्यभर संताप उसळला. त्या युक्तिवादाला नीट उत्तर द्यायला हवे, कारण बिळांमुळे बांध कमकुवत होतो हे खरेच आहे. पण बीळ एका रात्रीत पडून त्याच रात्री धरण फोडत नाही. ते पाहता येते, खणून काढता येते, चांगल्या मातीने थराथराने दाबून बुजवता येते. अतिवृष्टीचेही तेच: सांडवा तिच्यासाठीच तर काढलेला असतो. बीळ आणि पाऊस ही निमित्ते खरी, पण निमित्ताचे संकट होण्याआधी मध्ये बराच काळ जातो आणि त्या काळात कोणीतरी पाहायचे असते.

छोट्या बांधाचा एवढा बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. तिवऱ्याचा साठा सुमारे 24.5 लाख घनमीटर होता, म्हणजे कोयनेच्या साठ्याच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. तरीही एक वाडी गेली, कारण ती बांधाखाली होती. एक लाख घनमीटरचा साधा तलाव घेतला तरी ते एक लाख टन पाणी आहे. म्हणून धोका ठरवताना आधी पाहायला हवे ते बांधाच्या पायथ्याला रात्री किती माणसे झोपतात. संसदेने 2021मध्ये केलेला धरण सुरक्षितता कायदा मात्र मुख्यतः उंची मोजतो. 15 मीटरपेक्षा उंच धरणे त्यात येतात. 10 ते 15 मीटरमधली येतात ती साठा, लांबी, पुराचा विसर्ग, पाया किंवा रचना यांच्या ठरावीक अटींत बसली तरच. 10 मीटरच्या आतले बांध या चौकटीबाहेर राहतात. केंद्रीय कायद्याने प्रत्येक गावतळे मोजत बसावे असे कोणी म्हणणार नाही. पण कायदा जिथे थांबतो, तिथे दुसऱ्या कोणाची तरी जबाबदारी सुरू व्हायला हवी.

अशी जबाबदारी कशी असते, याचा दाखला महाराष्ट्राच्याच पूर्व टोकाला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या जाणकारांनी हजारो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले आणि आज लोक त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. हे मातीच्या पाळीचे तलाव पिढ्यान्‌पिढ्या धानाला पाणी देत टिकले. दरवर्षी पाळीवर माती टाकणारे, सांड मोकळी ठेवणारे आणि पाणी वाटणारे हात ठरलेले होते. 1950च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि डागडुजीचा तो रिवाज मोडला. पुष्कळ तलाव गाळाने भरले, पाळी खचल्या. ती व्यवस्था जमीनदारीची होती, तिच्यात सक्तीचे श्रम होते, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे, आणि मालगुजार परत आणा असे कोणी म्हणतही नाही. मालकी बदलताना अन्याय संपवायचा होता. देखभालीचा नेमही सोबत संपला, ही चूक. नेम लोकशाहीतही पाळता येतो. राळेगणसिद्धीचा पाझर तलाव गळका निघाला, तेव्हा अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी श्रमदानातून त्याची दुरुस्ती केली आणि खालच्या विहिरींना पाणी आले. गळती थांबवणारे जे काम बांध वाचवते, तेच विहीर भरते.

उरतो प्रश्न पैशाचा आणि माणसांचा. हजारो बांधांना अभियंते कुठून आणायचे? इथे पाहणे आणि दुरुस्त करणे ही दोन कामे वेगळी करायला हवीत. दुरुस्तीला अभियंता, अंदाजपत्रक आणि रोलर लागतो. पाहायला गावातलाच एक जाणता माणूस पुरेसा आहे, मात्र त्याला मानधन हवे, वही हवी आणि त्याच्या तक्रारीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणारा अधिकारी हवा. हा शेवटचा दुवा नसेल तर बाकीचे व्यर्थ आहे, हे तिवऱ्याने शिकवले: तिथे पाहणारे होते, सांगणारे होते, पण त्यांच्या सांगण्याचे बंधन कोणावर नव्हते. वहीत पावसाळ्यात रोज चार गोष्टी लिहायच्या: पाणी किती चढले, सांडवा मोकळा आहे का, टाचेशी झिरपा किती आहे, त्याचा रंग कसा आहे. पाळीवरची वेडी बाभूळ रोप असतानाच उपटायची. बांधाचा मुरूम कोणी नेत असेल तर अडवायचे. गाळ काढणे चांगलेच, पण पोकलेन बांधाच्या बुडाशी नेऊ द्यायचा नाही, कारण तिथला चिकण थर उकरला की पाण्याला बांधाखालून वाट मिळते.

पाझर तलावाचा हेतूच या कामाला मदत करतो. नीट मुरणारा तलाव उन्हाळ्यात कोरडा पडतो. लोक त्याला फसलेला तलाव म्हणतात. खरे तर खालच्या विहिरींना पाणी असेल तर त्याने आपले काम केलेले असते. शिवाय तेव्हाच पाण्याकडचा उतार उघडा पडतो, अस्तरातले निसटलेले दगड, भेगा आणि बिळे दिसतात. 1 मेची ग्रामसभा नेमकी याच दिवसांत येते आणि पावसाला महिनाभर अवधी असतो. त्या सभेत गावच्या प्रत्येक बांधाची पाहणी वाचून दाखवावी, राखणदाराचे आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करावे, बांध धोक्यात आला तर कोणती घरे आधी हलवायची याची यादी मंजूर करावी. यासाठी नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. शासनाचा एक आदेश आणि गावाचा आग्रह पुरतो. ज्या राज्याने दुष्काळात हे बांध घालण्यासाठी लाखो हात उभे केले, त्याला प्रत्येक बांधामागे एक राखणदार नेमणे नक्कीच जमेल.